ज्युनिपरला घाई चालत नाही

बोन्साय करून बघायची हौस आलेला माणूस नर्सरीत गेला की बहुतेक वेळा दोन झाडं पुढे येतात. एक फायकस, दुसरं ज्युनिपर. फायकस वडाच्या नात्यातलं, आपल्या हवेत रुळलेलं, कुठेही कापलं तरी पुन्हा फुटणारं. ज्युनिपर मात्र पाहुणं. तरीही जगभर नवशिक्यांच्या हातात तेच दिलं जातं, आणि त्याला कारण आहे. त्याचा पाला मुळातच बारीक असल्यामुळे वीतभर झाडही मोठ्या वृक्षासारखं दिसतं. फांद्या लवचीक असतात, तार गुंडाळून हव्या तिकडे वळवता येतात. दीड फुटाचं गबाळं झुडूप एका दुपारी कात्री आणि तारेने इतकं बदलतं की घरातले लोक ओळखत नाहीत.

त्या एका दुपारच्या मोहातच बरीच झाडं मरतात. कारण ज्युनिपरला एक वाईट सवय आहे. ते मेलं तरी लगेच कळू देत नाही. फायकसला त्रास झाला की आठवडाभरात पानं पिवळी पडून गळायला लागतात. ज्युनिपरची मुळं वाळली किंवा कुजली तरी वरचा पाला कित्येक आठवडे हिरवाच राहतो. माझ्या हैदराबादच्या मावसभावाला त्याच्या मित्रांनी वाढदिवसाला एक ज्युनिपर दिलं होतं. त्याने त्याच दिवशी ते छाटलं, तार लावली, उथळ कुंडीत बसवलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं. महिनाभर तो आम्हाला व्हिडिओ कॉलवर ते कौतुकाने दाखवत होता. मग एक दिवस पाला फिकट दिसायला लागला, बोटाने चोळला तर कुरकुरीत लागला. तोवर झाड आतून जाऊन बरेच दिवस झाले होते. एवढे दिवस तो मेलेल्या झाडाला पाणी घालत होता.

ज्युनिपर शिकायचं म्हणजे मुख्यतः हे शिकायचं. तुम्ही त्याला आज जे काही कराल, त्याचं उत्तर ते काही आठवड्यांनी देणार. ते उत्तर येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही.

ज्युनिपर म्हणजे काय हेही थोडं सांगतो, कारण नाव परकं वाटलं तरी वस्तू अगदीच परकी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात 'हपुषा' मिळते, ती ज्युनिपरच्याच एका जातीची फळं. लडाखमध्ये ज्युनिपरला 'शुक्पा' म्हणतात आणि त्याचा पाला धूप म्हणून जाळतात. एके काळी पेन्सिली ज्या लाकडाच्या व्हायच्या, तेही अमेरिकेतल्या एका ज्युनिपरचंच. आपल्याकडच्या नर्सरीत मिळतात ते बहुतेक चिनी ज्युनिपरचे प्रकार. त्यांच्यावर दोन तऱ्हेचा पाला येतो. एक टोचणारा, सुईसारखा; दुसरा मऊ, दोरीवर खवले चिकटवल्यासारखा. सुया हे कोवळ्या वयाचं लक्षण, खवले मोठेपणाचं. गंमत म्हणजे मोठ्या झाडालाही फार छाटलं तर ते घाबरून पुन्हा सुया काढायला लागतं. म्हणजे आपण अती केलं की नाही, हे ते सांगतं, फक्त उशिरा.

मी माझं झाड दसऱ्यानंतर आणलं. बेळगावात पावसाळाभर हवेत इतकी ओल असते की नवीन झाड आणून त्याच्याशी खेळण्यात अर्थ नसतो. पाऊस ओसरला, ऊन बरं पडायला लागलं की चार महिने छान मिळतात. तीनशे रुपयांचं झाड, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, बुंधा अंगठ्याएवढा. निवडताना वरचा पाला बघायचा नाही, बुंधा बघायचा. पाला वाढवता येतो, फांद्या वळवता येतात, पण खोड जाड व्हायला वर्षं लागतात. पिशवीतली वरची माती बोटाने उकरून मुळं कुठून सुटतात तेही बघून घ्यावं.

आईने ती पिशवी गच्चीवर बघितली आणि विचारलं, "किती वाढतंय हे?"

"जमिनीत लावलं तर बरंच वाढेल. मी कुंडीत लहानच ठेवणार."

"म्हणजे त्याला वाढू द्यायचं नाही."

"तसं नाही गं..."

"तसंच की. लहानपणी तुझे पाय बांधून ठेवले असते तर चाललं असतं काय?"

हा प्रश्न तुमच्याही घरात येईल. आपल्याकडे बोन्सायला वामनवृक्ष असं छान नाव आहे, पण असं झाड घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते असंही लोक म्हणतात. आईचा त्यावर विश्वास नाही. तिचा मुद्दा साधा होता. जीव आहे त्याला, तू त्याचं काय करतोयस?

मी तिला वादात हरवायला गेलो नाही, कारण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर झाडाच्या तब्येतीतूनच द्यावं लागतं. बोन्साय उपाशी ठेवून लहान राहत नाही. उपाशी झाड छाटणी सोसूच शकत नाही. त्याला जमिनीतल्या झाडापेक्षा जास्त निगुतीने पाणी आणि खत लागतं. ते लहान राहतं ते वरून फांद्या आणि खालून मुळं वेळोवेळी छाटल्यामुळे, आणि छाटलेल्या मुळांना नवी बारीक मुळं फुटतात म्हणूनच ते कुंडीत वर्षानुवर्षं जगतं. आईला छाटणी नवी नव्हती. तिचं माहेर अथणीकडचं, मामांची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणीला बाग अक्षरशः बोडकी होते, आणि काही दिवसांत काड्यांवर डोळे फुटतात. मी म्हटलं, "मामा करतात ते काय वेगळं आहे?" ती म्हणाली, "ते पोटासाठी करतात." मग थोडं थांबून, "बघू तरी, काय करतोस ते."

पहिला महिना मी काहीच केलं नाही. खरं तर हेच पहिलं काम. झाड एका जागी ठेवलं, जिथे सकाळपासून चार-पाच तास थेट ऊन मिळतं. ज्युनिपर घरात जगत नाही, खिडकीशी ठेवलं तरी नाही. त्याला उघडं आकाश हवं. फ्लॅट असेल तर बाल्कनीची कडा किंवा गच्ची. पाणी किती घालायचं याला आमच्याकडे एक सोपी युक्ती सापडली. उदबत्ती जळून उरलेली काडी मातीत दोन इंच खोचून ठेवायची. रोज सकाळी उपसून बघायची. काडी ओली, गडद असेल तर पाणी नाही. कोरडी व्हायला आली असेल तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत घालायचं. रोज ठरल्या वेळी घोटभर पाणी घालणं हे सगळ्यात वाईट. वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं तहानलेली राहतात, किंवा उलट कुजतात.

महिनाभरात फांद्यांच्या टोकांना फिकट पोपटी रंगाची नवी वाढ दिसली. म्हणजे झाडाने जागा मान्य केली. तेव्हा डिसेंबरच्या एका रविवारी मी गच्चीवर पाट मांडून बसलो. हत्यारं फार नव्हती. एक धारदार बारीक कात्री, एक कटर, एक पक्कड, जुना टूथब्रश, आणि दीड व दोन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार.

सुरुवात सफाईने करायची. आतल्या बाजूची वाळलेली तपकिरी पानं, बेचक्यात अडकलेला कचरा, खोडावरची सुटलेली साल टूथब्रशने काढून टाकायची. एवढ्यानेच झाड निम्मं मोकळं होतं आणि खोडाची रेघ दिसायला लागते. मग झाड पाटावर हळूहळू फिरवत राहायचं. कुठल्या बाजूने बुंधा सगळ्यात रुंद दिसतो, मुळं दोन्ही बाजूंना पसरल्यासारखी वाटतात, खोडाचं वळण कळतं? ती झाडाची दर्शनी बाजू. ती ठरेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. मला अर्धा तास लागला.

पुढचे नियम ढोबळ आहेत, पण नवशिक्याला आधार देतात. एकाच ठिकाणाहून तीन-चार फांद्या निघत असतील तर एक-दोन ठेवायच्या, नाहीतर तिथे खोड सुजल्यासारखं जाड होतं. दोन फांद्या अगदी समोरासमोर असतील तर एक काढायची. फांदी खोडाच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला असावी, आतल्या बाजूला नाही. पहिली मोठी फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर. खाली लोंबणारा पाला काढला की प्रत्येक फांदी ढगासारखी वेगळी दिसते आणि मध्ये हवा खेळते. पाल्याची टोकं नखाने खुडत बसायचं नाही. नको असलेली डहाळी कात्रीने मुळाशी कापायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका वेळी एकूण पाल्याचा तिसरा हिस्सा गेला की थांबायचं. ज्युनिपरची ताकद पाल्यात असते. पाला गेला की मुळंही मंदावतात.

आई चहा घेऊन वर आली ती तिथेच बसली. डाव्या बाजूची सगळ्यात खालची फांदी मला खटकत होती. लांबलचक, मधे उघडी, आणि फक्त टोकाला पाल्याचा झुबका, शेपटीसारखा. आई म्हणाली, "मधोमध काप की. फुटेल."

द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या बाईचं म्हणणं बरोबरच होतं. वेलीला कापलं की मागचा डोळा फुटतो. मी फांदी तिच्या समोर धरली आणि म्हटलं, "डोळे शोध यावर."

तिने चष्मा वर केला, फांदीच्या उघड्या भागावरून बोट फिरवलं. काहीच नव्हतं. ज्युनिपरच्या जुन्या, उघड्या लाकडावर सहसा नवी फूट येत नाही. फांदीवर हिरवं शिल्लक असेल तर ती जगते. सगळं हिरवं कापून टाकलं की ती फांदी संपली. फायकस, बोगनवेल, चिंच यांना कापून मग विचार करता येतो. इथे आधी विचार करावा लागतो, कारण परत घेण्याची सोय नाही.

"मग हे द्राक्षासारखं नाही," आई म्हणाली. त्यानंतर तिचा सूर बदलला. मी दुसऱ्या कुठल्याही फांदीकडे कात्री नेली की ती म्हणायची, "थांब, फिरवून बघ आधी." मला तेव्हा राग आला असेल थोडा, पण त्या दिवशी मी कापल्या त्या फांद्या मोजून पाच.

ती शेपटीसारखी फांदी आम्ही ठेवली. तिला तार लावली. तारेची जाडी फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी. आधी तारेचं टोक खोडाभोवती एक-दोन वेढे देऊन पक्कं करायचं, मग तिरके, साधारण ४५ अंशांत, सारख्या अंतराने वेढे द्यायचे. ना घट्ट, ना सैल. वळवताना दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवायचे आणि थोडं थोडं दाबायचं. लाकडाचा बारीक आवाज आला की थांबायचं. अशी नागमोडी वळणं दिली की लांब फांदी आखूड होते आणि टोकाचा झुबका खोडाजवळ येतो. मग ती सगळी फांदी खाली झुकवली. कोवळ्या झाडाच्या फांद्या वर जातात, वय झालं की त्या स्वतःच्या आणि पावसापाण्याच्या भाराने खाली येतात. म्हणून नुसती फांदी खाली वळवली तरी तीन वर्षांचं झाड तीस वर्षांचं वाटतं. आंबोलीच्या कड्यावर समुद्राकडून येणारा वारा सोसून एका अंगाला झुकलेली झाडं तुम्ही बघितली असतील. नक्कल करायची तर त्यांची करावी, पुस्तकातल्या चित्राची नको.

उजवीकडे दोन फांद्या समोरासमोर होत्या. त्यातली एक जायलाच हवी होती. ती मुळाशी न कापता दोन इंच ठेवली, बुंध्याशी साल गोल कापली आणि पक्कडीने दाबून सोलून काढली. आत पांढरं, ओलसर लाकूड. याला जपानी लोक 'जिन' म्हणतात. जपानच्या डोंगरकड्यांवर बर्फाने आणि वाऱ्याने मोडलेल्या फांद्या अशाच पांढऱ्याफटक होऊन झाडावर वर्षानुवर्षं राहतात, कारण ज्युनिपरचं लाकूड सहज कुजत नाही. आईने ते सोललेलं लाकूड नाकाशी नेलं. "पेन्सिलीचा वास येतोय की," ती म्हणाली. तिला पेन्सिलीचा इतिहास मी नंतर सांगितला.

मग झाड आहे त्याच पिशवीत, आहे त्याच मातीत ठेवून दिलं. उथळ कुंडी आणून ठेवली होती, खानापूरच्या मातीची, बिनचकाकीची, तळाला भोकं मोठी करून घेतलेली. ती तशीच रिकामी राहिली, चौदा महिने. छाटणी आणि कुंडीबदल एकाच दिवशी करायचा नाही, एवढी एकच गोष्ट या लेखातून लक्षात राहिली तरी पुष्कळ आहे. वरून पाला कमी केलेला, खालून मुळं दुखावलेली, अशा झाडाला सावरायला काही उरतच नाही. आणि ते सावरत नाहीये हे ते तुम्हाला सांगणारही नाही.

त्या चौदा महिन्यांत कामं छोटी होती. दर महिन्याला तार बघायची. खोडात रुतायला लागली की कटरने तुकडे करून काढायची. उलटी उलगडत बसलं तर फांदी मोडते. एप्रिल-मेमध्ये दुपारी वर हिरवी शेडनेट. त्याच दिवसांत लाल कोळी येते. पांढरा कागद खाली धरून फांदीवर टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर समजायचं आली. लवकर सापडली तर पाल्यावर खालून-वरून जोरात पाणी मारून बरीच आटोक्यात येते. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवायची, तळाशी पाणी साचता कामा नये. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा चिमूटभर निंबोळी पेंड.

दुसऱ्या फेब्रुवारीत कुंडी बदलली. माती अशी हवी की पाणी घातल्याबरोबर खाली उतरलं पाहिजे. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. विटा आणि वाळू चाळून घ्यायची, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे कण ठेवायचे, धूळ फेकून द्यायची. आपली तांबडी माती कितीही छान असली तरी उथळ कुंडीत ती चिखल होऊन बसते. मुळं आईच्या लोकर विणायच्या सुईने विंचरून सोडवली, तिसरा हिस्सा कापला, बुंध्याखालची जुनी माती बरीचशी तशीच राहू दिली. ज्युनिपरची मुळं पूर्ण धुवून उघडी करत नाहीत. शेवटी तळाच्या भोकांतून तार घेऊन झाड कुंडीला बांधलं. झाड हललं की नवी केसासारखी मुळं तुटतात, म्हणून ते बांधणं शोभेचं नाही, गरजेचं आहे. पुढचे तीन आठवडे अर्धी सावली.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की फार व्याप आहे. खरा व्याप वेगळाच आहे. बोन्साय गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवण्यासारखं नसतं. उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकलं तर उथळ कुंडी कोरडी ठाक होते. आमच्या वयाची मुलं आज बेळगावात, उद्या पुण्यात, परवा बंगळुरात. झाड आणतो आपण, जगवतं कोण, हा प्रश्न आकार देण्याआधी विचारायला हवा. गेल्या वर्षी मी कामासाठी तीन महिने पुण्यात होतो. निघताना आईला सूचनांची यादी लिहून दिली. तिने ती फ्रिजवर लावली आणि वाचली नाही. उदबत्तीची काडी मात्र तिने रोज बघितली. आता देवपूजा झाली की ती जळलेली काडी घेऊन थेट गच्चीवर जाते.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ सालापासून कुंडीत आहे. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान्पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा तो तिथेच, घराच्या भिंतीआड होता आणि वाचला. १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला, आणि बॉम्बबद्दल तिथे कुणाला माहीत नव्हतं. २००१ मध्ये त्या घरातली नातवंडं झाड बघायला आली तेव्हा ती हकिकत कळली. मला त्यातलं युद्धापेक्षा दुसरंच काही जास्त लक्षात राहतं. चारशे वर्षं कुणीतरी, एकानंतर एक, त्या झाडाला पाणी घालत आलंय. त्यातल्या बहुतेकांनी त्याला पहिला आकार दिलेला नव्हता.

'वाढू द्यायचं नाही' हा आईचा आक्षेप पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही. ती अजून अधूनमधून झाडाला "बिचारं" म्हणते. पण शेपटीसारखी दिसणारी ती फांदी आता झाडाची मुख्य फांदी झालीय, वळणावर आतल्या बाजूने नवा पाला भरलाय, आणि पाहुणे आले की ती त्यांना वर नेऊन तीच दाखवते. या डिसेंबरात शेंड्याला नवी तार लावायची माझी इच्छा आहे. मागच्या आठवड्यात मी पक्कड काढली, तेव्हा तिने शेंड्याची पोपटी टोकं बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "अजून जोर धरलेला नाही त्याने. एक वर्ष जाऊ दे."

पक्कड मी परत ठेवून दिली.